न आवडलेला ढग

शनिवार, ८ मार्च

हेमराजचा फोन आला. सिनेमा पुरा झाला! ‘पेटीतला ढग’ परदेशातल्या एका महोत्सवात दाखवून झाला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. आणि आता आपल्याकडं पहिल्यांदा दाखवायचा तो मुंबईत नाही, पुण्यात नाही, जव्हारमध्ये. “सिनेमा संपल्यावर तू बोलायचंस, पुष्पा,” म्हणाला. “दुसरं कोण बोलणार?”

फोन ठेवल्यावर मला घरात बसवेना. गच्चीवर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. तेवढ्यात दूध उतू गेलं.

कॉलेजात आम्ही दोघांनी सिनेमा मंडळ काढलं होतं. जामसरचा हेमराज आणि सूर्यमाळची मी. भूगोलाच्या वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, फळ्यावर चादर टाकायची आणि कुठल्या कुठल्या देशांचे सिनेमे बघायचे. एखाद्यात माणूस नुसता दाराकडं बघत बसलेला असायचा. बाकीची मुलं उठून वडापाव खायला जायची, आम्ही दोघं शेवटपर्यंत. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या डोंगरावरचा सिनेमा आपणच करायचा. पुढं मी बी.एड. केलं, इथं जव्हारलाच शाळेत लागले, लग्न झालं. तो मुंबईला गेला. याचं मला वाईट वाटत नाही. दोघांतल्या एकानं तरी केला ना.

आणि नायिका कोण, तर माझी रखमी मावशी! दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सूर्यमाळला शूटिंग झालं तेव्हा हेमराजला म्हातारी बाई मिळत नव्हती. मीच म्हटलं, मावशीला बघ. रोजावर जाणारी बाई, जन्मात कॅमेरा बघितलेला नाही, पण तोंड सुरू झालं की जीपवाले गाडी थांबवून ऐकतात. त्यानं बघितलं आणि दुसरी कोणी शोधलीच नाही.

रोहिदास मोखाड्याहून ऑफिस सुटल्यावर आले तेव्हा दारातच सांगितलं. हेल्मेट काढत म्हणाले, “अरे वा. उतरणार कुठं?”

“आपल्याकडंच की.”

“हां. किती दिवस?”

यांना सगळ्यात आधी भाजीपाल्याची काळजी.

मंगळवार, ११ मार्च

स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून झालं. एका मॅडमनी विचारलं, गाणी आहेत का? नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पडू दे.

आठवीचे निबंध तपासतेय. विषय ‘माझा गाव’. निम्म्यांनी पुन्हा तेच लिहिलंय, ‘मपला गाव’, ‘मपली आई’. वर्षभर सांगून कंटाळले. लाल गोल केले आणि खाली ‘माझा’, ‘माझी’ लिहिलं. पेन संपलं.

हेमराज लिंक पाठवणार होता. अजून नाही.

रविवार, १६ मार्च

बघितला.

दुपारी रोहिदास झोपले होते. पडदे लावले, लॅपटॉप टेबलावर ठेवला, फोन बंद केला. पहिलं दृश्य आलं, सूर्यमाळचा उतार, उन्हानं पांढरा झालेला, आणि त्यावर एक पिवळी पत्र्याची पेटी. अंगावर काटा आला. म्हटलं, जमलं. केलं यानं.

मग तो काटा हळूहळू बसत गेला.

गोष्ट अशी आहे. काशी नावाच्या म्हातारीनं एक ढग पकडून पेटीत ठेवलाय. पाड्यावर पाणी नाही, पण कोणी पाणी मागत नाही. सगळे येतात, पेटीभोवती बसतात आणि कॅमेऱ्याकडं बघत सावकाश एकेक वाक्य बोलतात. टँकरचा ड्रायव्हर भर मे महिन्यात रेनकोट घालून हिंडतो. एक माणूस टेप घेऊन सावल्या मोजतो. एका बकरीला चष्मा लावलाय. पहिल्यांदा चष्म्याची बकरी आली तेव्हा मी हसले. नंतर ती येतच राहिली. प्रत्येक भागाच्या आधी लहान मुलाच्या अक्षरात पाटी येते, ‘ढगाला ताप येतो’, ‘ढग रुसतो’. शेवटी ढग निघून जातो आणि काशी त्याला हात हलवून टाटा करते. आमच्या मावशीनं आयुष्यात कोणाला टाटा केलेलं नाही.

मला तो आवडायला पाहिजे होता. सगळं तर आहे त्यात, जे आम्हाला आवडायचं. मुंबईच्या सिनेमासारखं एक दृश्य नाही. कोणी घाईत नाही. तरी मी मधेच उठून पाणी प्यायले, खिडकीतून खाली कोण बोलतंय ते बघितलं. हेमराजच्या सिनेमाला मी उठले!

एकच दृश्य आहे. मावशी एकटी पेटीवर बसून पायातला काटा काढतेय. बोलत नाही, कोणी बघत नाही. तेवढं मी मागं नेऊन पुन्हा पाहिलं.

आणि मुख्य गोष्ट. तोंड मावशीचं आहे, आवाज मावशीचा नाही. दुसऱ्याच कोणा बाईचा, मऊ, नाटकात काम करणाऱ्या बाईचा असतो तसा. “माझा ढग झोपला आहे. त्याला जागं करू नका.” मी आधी लॅपटॉपचा आवाज कमीजास्त केला, वाटलं मशीनमध्येच काही आहे. मग शेवटच्या नावांत दिसलं, काशीचा आवाज म्हणून पुण्याच्या कोणा बाईचं नाव.

मावशीला हे माहीत नाही. माहीत असतं तर सूर्यमाळहून तिचा आवाज इथपर्यंत ऐकू आला असता.

त्याच नावांत ‘कथा : हेमराज’ असंही आहे. ढगाची गोष्ट मीच त्याला फोनवर सांगितली होती. एका उन्हाळ्यात टँकर आलाच नव्हता आणि कोणी साहेब पाहणीला आले होते. ते विचारायला लागले, पाण्याची सोय काय केलीय? मावशी म्हणाली, “पेटीत ढग कोंडून ठेवलाय साहेब, लागंल तवा काढू. तुमी जावा.” साहेबांचा चेहरा कसा झाला ते मी हेमराजला करून दाखवलं होतं, म्हणजे फोनवर जेवढं दाखवता येतं तेवढं. पण ती काही लिहिलेली गोष्ट नव्हती, नुसतं बोलणं होतं. बोलण्याला कोणी नाव देत नाही. आभारात माझं नाव आहे. मंडपवाल्याच्या खाली.

सोमवार, १७ मार्च

काल मी थकलेली होते. ऊन होतं, वर लहान स्क्रीन. असा सिनेमा मोठ्या पडद्यासाठी असतो. आज शाळेतून आल्यावर पुन्हा बघितला.

नाही.

हेमराजचा मेसेज आला होता, ‘कसा वाटला?’ मी फोन घेऊन घरभर फिरले. शेवटी लिहिलं, ‘शब्द नाहीत.’ त्यानं लाल बदाम पाठवला.

रोहिदासना सांगितलं की जरा वेगळा आहे, सगळ्यांना कळेल असा नाही. ते म्हणाले, “तू सांगितलेली साहेबांची गोष्ट आहे ना त्यात? ती तर भारी होती. मी ऑफिसात सांगितली तर लोक पोट धरून हसले.”

म्हटलं, सिनेमा म्हणजे विनोद सांगणं नाही. ते बरं म्हणाले आणि कांदा चिरायला बसले. यांच्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

शनिवार, २९ मार्च

सूर्यमाळला जाऊन आले. उद्या पाडवा, मावशीला साखरेची गाठी आणि साडी द्यायची होती. आणि आवाजाचं सांगायचं होतं. जीपमध्ये बसल्यापासून वाक्यं जुळवत होते. मावशी, सिनेमात असं असतं, तांत्रिक कारण असतं, वारा असतो.

पोचले तर ती दारात नव्हती. पाड्यावरच्या बाया विहिरीच्या कडेला हंडे लावून बसल्या होत्या आणि मावशी त्यांच्या मधे उभी राहून सिनेमा सांगत होती. सगळी पात्रं एकटीच करत होती. रेनकोटवाला ड्रायव्हर, सावल्या मोजणारा, बकरी. शेजारची गोजाबाई हसून हसून खाली बसली होती.

“आन मंग त्यो मपल्या पेटीला हात लावाया गेला,” मावशी म्हणाली, “तशी मी बोलले...” तेवढ्यात मी दिसले. “ही बघा पोशी आली! हिलाच इचारा. पोशे, कवा दाखिवतात सिनेमा?”

“वीस एप्रिलला. रविवारी.”

“समदा पाडा येतोय. जीप ठरवलीय. त्या दिशी कामाला जायाचं नाय असं सांगून टाकलंय मुकादमाला. मी बोलले, मपला आवाज जव्हारात ऐकू येनार हाय, तुपलं काम ऱ्हाऊ दे तिकडं.”

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, “ये, ये. सगळ्या या.”

मग तिनं चहा केला, पाण्याचा हिशोब बघत अर्धा अर्धा कप. साडी अंगाला लावून बघितली, रंग फिका आहे म्हणाली. मी निघाले. जीप खोडाळ्याच्या वळणाला लागली तेव्हा परत फिरावंसं वाटलं, पण ड्रायव्हर थांबला नसता.

शनिवार, ५ एप्रिल

भाषणाचा कागद चार वेळा फाडला. ‘हा सिनेमा म्हणजे’ इथंच अडते.

हेमराजला फोन केला, आवाजाचं विचारायला. त्यानं उचलला आणि इतका आनंदात होता, सांगत होता की आईला जामसरहून आणणार आहे, तिनं आजवर त्याचं एकही काम बघितलेलं नाही. मी विचारलं, हॉलमध्ये खुर्च्या किती लागतील. ते रोहिदास बघतायत, त्यांनी मंगल कार्यालयवाल्याशी बोलून ठेवलंय. पडदा, स्पीकर, पाण्याचे जार सगळं त्यांनीच ठरवलं. काल विचारत होते, “तू त्या दिवशी कुठली साडी नेसणार?” मी म्हटलं, माझ्या साडीचं काय, काम काय चाललंय. पुन्हा खुर्च्यांचा हिशोब करायला बसले.

रविवार, १३ एप्रिल

भाषण झालं लिहून. चांगलं झालंय. ‘या सिनेमातला ढग हा केवळ ढग नाही, तो आपल्या सामूहिक आशेचा अवकाश आहे.’ दोनदा मोठ्यानं वाचलं. संध्याकाळी सनसेट पॉइंटपर्यंत चालत गेले आणि न बसता परत आले.

रविवार, २० एप्रिल

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

दुपारी चारचा खेळ. हॉल भरला. पुढच्या रांगेत शाळेतले लोक, दोन पत्रकार, हेमराजची आई. मागं सूर्यमाळचा पाडा. मावशी अबोली रंगाची साडी नेसून आली होती, माझी फिकी नव्हे, स्वतःची. मी तिला पुढं बसवायला गेले तर म्हणाली, “मी बायांच्यात बसते. त्यास्नी सांगाया लागंल.”

हेमराज भिंतीला टेकून उभा होता. दाढी वाढवलीय, वाळलाय. माझ्याकडं बघून हसला आणि मी भाषणाचा कागद चाचपला.

सुरू झाला. पेटी दिसली तशी मागून शिट्टी. मावशीचा चेहरा पडदाभर आला आणि बायांनी एकच गलका केला, “रखमे! अगं रखमे!” ती पदर तोंडाला लावून हसत होती. इतकी लाजलेली मी तिला कधी पाहिलेली नाही.

मग ड्रायव्हर आला. पेटीकडं बोट दाखवून विचारलं, “यात काय आहे?” आणि पडद्यावरची मावशी त्या मऊ आवाजात म्हणाली, “माझा ढग आहे. तो झोपला आहे.”

मागं बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मावशी, बसल्या जागेवरून, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी, “ही कोन बोलतीय?”

पडद्यावर पुन्हा, “त्याला जागं करू नका.”

“अगं बाय, ही कोन मपल्या तोंडातून बोलतीय?” मावशी उभी राहिली. “मी नाय अशी बोलले!”

गोजाबाई म्हणाली, “मंग कशी बोललीस?”

“मी बोलले, मपला ढग हाय, तुपल्या बापाचा नाय! हात लावशील तं बोटं मोडून पेटीत ठेवीन!”

हॉल असा हसला की स्पीकर ऐकू येईना. पुढच्या रांगेतले लोकही वळून हसत होते. मावशी हसली नाही. ती उभीच होती. पुढचं वाक्य आलं तसं तिनं तेही दुरुस्त केलं. त्याच्या पुढचंही. बाया प्रत्येक वेळी विचारायच्या, “आन हितं काय बोललीस?” आणि ती सांगायची. बकरी आली तेव्हा म्हणाली, “हिला त्या चष्म्यानं दिसत नव्हतं, दोनदा खड्ड्यात पडली बिचारी.” मी दोनदा बघितलेला सिनेमा, पण तेव्हा मला पहिल्यांदा पुढं काय होणार याची उत्सुकता वाटली. सगळ्यात मोठ्यानं हसत होते ते रोहिदास. पार मागं जाऊन बायांजवळ उभे.

काट्याचं दृश्य आलं. तिथं बोलणं नाहीच. मावशी खाली बसली. हळूच म्हणाली, “ह्यो काटा खरा व्हता. मी काढाया बसले तं पोरगा बोलला, थांब मावशी, काढू नगं, कॅमेरा लावतो. तंवर तसाच ठिवला.” या वेळी कोणी हसलं नाही.

मी हेमराजकडं बघितलं. तो भिंतीपाशी नव्हता.

संपल्यावर माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले. कागद उघडला. वाटलं, बाजूला ठेवावा आणि काहीतरी बोलावं. पण काय बोलावं? सगळ्यांसमोर? हेमराजची आई समोर बसलेली. मी वाचलं. सगळं वाचलं. सामूहिक आशेचा अवकाशही. टाळ्या पडल्या.

जीपमध्ये बसताना मावशीनं माझा हात धरला. मला वाटलं, आता आवाजाचं विचारणार, तुला माहीत होतं का म्हणून. ती म्हणाली, “तू बोललीस त्यातलं मना कायबी नाय कळलं पोशे. पन चांगली बोललीस. मोठी बाई वाटत व्हतीस.”

सोमवार, २१ एप्रिल

हेमराज काल रात्री आईबरोबर जामसरलाच राहिला. सकाळी आला. रोहिदासनी पोहे केले होते. ते पुढ्यात ठेवून ते बाहेर गाडी पुसायला गेले.

बराच वेळ तो पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. मग म्हणाला, “वारा होता गं. तिच्या आवाजावर सगळीकडं वारा. निर्माता म्हणाला, पुण्याच्या माणसाला हे कळणार नाही, बाहेरच्याला तर नाहीच. मी भांडलो. पैसे त्याचे. शेवटी हो म्हटलं.”

“तिला सांगायचं तरी.”

“तू का नाही सांगितलंस? तुला महिनाभर माहीत होतं.”

मी त्याचा चहा पुढं सरकवला.

“आता खरं सांग,” तो म्हणाला. “कालचं भाषण नको. महोत्सवात लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी काय विचार करत होतो माहितीय? पुष्पा काय म्हणेल. तेवढंच.”

माझ्या तोंडून निघून गेलं. “मला नाही आवडला हेमराज. आवडावा म्हणून दोनदा बघितला. तुझ्या सिनेमात कोणी चिडत नाही. पाणी नाही आणि कोणी चिडत नाही! सगळे कसे गोड, वेडे, सावकाश. मावशीनं ते ढगाचं रागानं म्हटलं होतं. तू राग काढून टाकलास आणि ढग ठेवलास.”

त्याचा चेहरा पांढरा पडला. एवढं बोलायला नको होतं. पण बोलून झाल्यावर छातीत जरा मोकळं वाटलं, हेही लिहून ठेवते.

“मी तिचा आवाज काढला,” तो उठत म्हणाला. “बरोबर. आणि तू? तुझ्या वर्गात पोरं ‘मपला’ लिहितात तेव्हा तू काय करतेस?”

त्याचा इथं काय संबंध? मी तसं म्हटलंही. व्याकरण वेगळं, सिनेमा वेगळा. परीक्षेत ‘मपला’ चालत नाही, मार्क जातात. त्यानं पिशवी उचलली. रोहिदासनी त्याला स्टँडवर सोडलं.

परत आल्यावर त्यांनी त्याचे पोहे झाकून ठेवले, कपबशा विसळल्या. गुणगुणत होते. मी म्हटलं, एवढं काय खुशीत? म्हणाले, “काही नाही. संध्याकाळी बाहेर जेवायला जाऊ या का?”

माझा एवढा जुना मित्र तुटला आणि यांना जेवण सुचतंय.

मंगळवार, २९ एप्रिल

हेमराजचा फोन नाही. मीही केला नाही. एका पेपरात आलंय, ‘जव्हारमध्ये चित्रपटाला उत्स्फूर्त प्रतिसाद’. माझ्या भाषणातलं वाक्यही छापलंय. कापून ठेवलं नाही.

सुट्टी लागलीय. घरात सारखी या खोलीतून त्या खोलीत जाते. रोहिदास म्हणाले, काहीतरी लिही की, तू कॉलेजात लिहायचीस म्हणे. मी म्हटलं, काय लिहू? कशावर? ते म्हणाले, मला काय कळतंय, मी कारकून माणूस.

बुधवार, १४ मे

मेसेज आला. लांबलचक नाही. ‘मूळ आवाज सापडला. वारा आहे पण ऐकू येतं. पाड्यांवर दाखवायला वेगळी प्रत करतोय, मावशीच्याच आवाजात. ती काय म्हणते ते मला निम्मं कळत नाही. तू तिच्यासोबत ऐकून लिहून देशील? तुझं नाव घालीन. पहिल्याच पाटीवर.’

नावाचं वाचून मला राग आला. नावासाठी केलं असतं का मी? मग तेवढंच वाक्य पुन्हा वाचलं.

लिहिलं, ‘पाठव.’

रविवार, १८ मे

रोहिदासनी मोटरसायकलवरून सूर्यमाळला नेलं. मागं पाण्याचे दोन कॅन बांधले होते. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच भरून घेतले. टँकर येऊन आठवडा झालाय.

मावशी अंगणात बसली होती. तिच्या कानांवर हेडफोन घातले, ते डोक्यावरून घसरायचे, तिनं वरून पदर घट्ट बांधला. मी फोनवर हेमराजनं पाठवलेला आवाज लावला. ती ऐकत राहिली. आधी हसली. मग भुवया वर. मग तोंड वाकडं.

“ही मी?”

“तूच. वारा आहे मधे मधे. म्हणून तर त्यांनी पुण्याच्या बाईचा आवाज घातला होता.”

“वाऱ्याचं काय नाय. वारा हाय हितं, त्यो वाजनारच. पन मी अशी रडल्यावानी का बोलतीय?” तिनं हेडफोन उपसून काढले. “त्यो पोरगा दहा डाव बोलाया लावायचा. हळू बोल, मावशी, हळू. काय ऐकाया नगं हे.”

“मग कसं करायचं? लिहून द्यायचंय मला.”

“मी आता सांगते. तू घे ह्याच्यात.”

मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. वाटलं, ती साहेबांची गोष्ट सांगेल. सुरुवात तशीच केली. साहेब आले, जीप थांबली. मग म्हणाली, “आन पोशे, तूबी त्या जीपवानीच येतीस. येतीस, साडी देतीस, अर्धा कप चा पितीस, जातीस. जव्हारात तुपल्या नळाला पानी येतं. हितं मी पहाटं उठून हंडा लावते तवा दुपारी भरतो. सिनेमा आला, समद्यास्नी पेटी दिसली, ढग दिसला, बकरी दिसली. हंडा कोनाला दिसला? तुला दिसला का? तू काय बोललीस तितं, अवकास का फवकास? त्येच्यानं हंडा भरतो का गं?”

ती थांबली नाही. मुकादमाला बोलली, टँकरवाल्याला बोलली, हेमराजला बोलली, मेलेल्या काकाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बोलली की विहीर अजून खोल का नाही खणलीस म्हणून. गोजाबाई आणि बाकीच्या हळूहळू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मध्येच कुत्रं भुंकलं, त्यालाही बोलली. माझे कान तापले होते. दोनदा बोट फोनच्या बटणाशी गेलं. बंद केलं नाही.

रोहिदास रिकाम्या रांजणात कॅन ओतत होते. ते मधेच थांबले आणि ऐकत राहिले.

शेवटी तिचा दम संपला. पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडं बघितलं आणि एकदम हसली. “लई झालं का गं?”

“नाही.”

“ऐकव.”

मी हेडफोन काढून ठेवले आणि फोनचा आवाज पुरता वाढवून मधे दगडावर ठेवला. बाया जवळ आल्या. मावशी मांडी घालून, डोळे मिटून, स्वतःचं सगळं ऐकत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाही दुरुस्त केलं नाही.

संपल्यावर म्हणाली, “हां. हे धाड त्याला.”

“पण मावशी, हे सिनेमातल्या चित्राला बसणार नाही. तुझं तोंड तिथं वेगळं हलतंय.”

“मंग त्याला सांग,” ती गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली, “आवाज ह्यो घे म्हनावं. आन तोंड त्या पुन्याच्या बाईचं लाव.”

घाट उतरून खाली रेंज आली तेव्हा रोहिदासना गाडी थांबवायला लावली. पाठवलं. वर काहीही लिहिलं नाही. मग पुन्हा मागं बसले आणि रोहिदासना म्हटलं, जरा सावकाश चालवा, मला वाटेत एकदा ऐकायचंय.

ते म्हणाले, “स्पीकरवर लाव. मलाही ऐकू येऊ दे.”